शेळीला पाजलेले माशाचे तेल

आमच्याकडे माशाच्या तेलाची बाटली आली ती शिमग्याच्या आधी आठवडाभर. घरात आली असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. ती उंबऱ्याबाहेरच राहिली.

एकोणीसशे तीसनंतरची चार-पाच वर्षे उलटली होती. सोलापुरात भवानी पेठेत आमचे बिऱ्हाड होते. थोरल्या भावाचे सुताचे दुकान होते आणि मी गावातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे. घरात वहिनी, त्यांचा दीड वर्षाचा मुलगा आणि आमची आत्या. आमचे मूळ गाव दुधनीच्या बाजूचे, त्यामुळे आत्या व्यवहाराचे मराठीत बोलायची आणि रागाचे कानडीत. मला ती 'तम्मा' म्हणे. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी तिचा भाचा होतो, पण या हाकेत तिने कधी बदल केला नाही.

स्वयंपाकघर आत्याच्या हाती होते. तिचे नियम थोडे आणि पक्के होते. त्यातला एक तेलाचा. घाण्यावरून करडईचे नवे तेल आले की जुने तेल आधी संपवायचे, उरलेच तर दिव्याला घालायचे, मडके राखेने घासून उन्हात वाळवायचे आणि मगच नवे ओतायचे. एकदा वहिनींनी घाईत जुन्यावर नवे ओतले. आठ दिवसांनी आत्या माजघरातूनच म्हणाली, "तेल गेलं." ती मडक्याजवळही गेली नव्हती. वास तिला तिथे बसून आला होता. ते मडकेभर तेल दिव्यांत जळले.

मुलगा उभा राहत नव्हता. बसायचा, बुडावर सरकायचा, पण पायांवर भार दिला की पाय बाहेर वाकत. मनगटे जाड झाली होती, कपाळ पुढे आले होते. बाळंतपणानंतर वहिनींना मोठा ताप आला होता आणि त्यात अंगावरचे दूध आटले. म्हशीचे दूध मुलाला ओकारी आणायचे, गाईच्या दुधाने जुलाब होत. शेवटी शेळीचे मानवले. दुधनीकडून मेंढरे घेऊन येणाऱ्या एका धनगर बाईकडून ती शेळी विकत घेतली होती, तांबडी, एका कानावर पांढरा ठिपका असलेली. तिचेच दूध तो प्यायचा. शेजारच्या शेळीचे दूध दिले तर थुंकून टाकायचा. हे मी दोनदा पाहिले आहे, म्हणून लिहितो.

डॉक्टरांनी मुलाला तपासले आणि मुडदूस असल्याचे सांगितले. रोज एक चमचा माशाच्या काळजाचे तेल द्यायचे, सकाळचे ऊन द्यायचे. पावसाळ्यापर्यंत उभा राहील, असे ते म्हणाले.

भावाने बाटली ओट्यावर ठेवली. आत्या दारात आली.

"हे काय?"

"औषध आहे, आत्या. माशाचं तेल."

"शिव शिव. ब्याड." ब्याड म्हणजे नको. ती कानडीत गेली म्हणजे बोलणे संपले असे आम्ही समजत असू.

"डॉक्टरांनी दिलंय," भाऊ म्हणाला.

"डॉक्टर देईल की. त्याला काय? आज चमच्यानं येतोय मासा, उद्या ताटात येईल."

"पोरगं उभं राहिलं नाही तर मग ताटात काय वाढायचं ते तुम्हीच वाढा," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन दिवस घरात कोणी कोणाशी कामापलीकडे बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना आत्याने मला विचारले, "अंगावर पिणाऱ्या पोराला खोकला झाला, तर काढा कोण पितं?"

"आई."

"मग ह्याची दुधाची आई कोण, आत्ता?"

ती मागच्या अंगणातल्या शेळीकडे बघत होती.

"आत्या, शेळीसुद्धा शाकाहारीच आहे," भाऊ म्हणाला.

"असू दे की. तिला कुठं आपल्यासारखी दीक्षा झालीय?"

आधी कोणी हसले नाही. मग वहिनी हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून प्रश्न मिटला. शेळीला तेल पाजायचे, तेल दुधात उतरणार, दूध मुलगा पिणार. घराचा धर्म राहत होता आणि मुलाला औषध मिळत होते. डॉक्टरांना विचारावे असे कोणाच्या मनात आले नाही. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय काही छापायचे नाही, हा आमच्या संपादकांचा नियम. घरी मी तो पाळला नाही.

सकाळी गिरणीचा दुसरा भोंगा झाला की मी शेळीचे तोंड वर करून धरायचो आणि वहिनी बांबूच्या नळ्याने तेल ओतायच्या. शेळी मुलापेक्षा मोठी, म्हणून चमच्याचे दोन झाले, मग चार. शेळीला दीड महिन्याचे करडू होते. त्यालाही अर्धा चमचा द्या, असे आत्या म्हणाली. आईला दिले आणि पोराला नाही असे नको. बाटली गोठ्याच्या कोनाड्यात असायची. वर पत्रा होता. चैत्रात त्या पत्र्याखाली हात ठेववत नसे. बाटलीचे बूच हरवले, तिथे चिंधीचा बोळा आला.

दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा तिला दाराला लावलेल्या रोगणासारखा वास येऊ लागला. आत्याने लांबूनच नाकाला पदर लावला. आम्हीही नाक मुरडले आणि मासा असाच नासका येत असणार असे समजलो. घरात कोणी कधी मासा हुंगला नव्हता. खवट करडईचे तेल माजघरातून ओळखणारी बाई, पण हे तेल खवट झाले आहे हे तिलाही कळण्याची सोय नव्हती.

त्या उन्हाळ्यात हिरवे म्हणून काही नव्हते. शेळीपुढे वाळलेला कडबा आणि मागल्या हंगामाची पेंड.

चैत्र संपता संपता करडू मागचे पाय ताठ टाकून चालू लागले. उडी मारायचे बंद झाले. बसले की उठताना आधी पुढचा भाग उचलायचे आणि मग मागचा ओढून घ्यायचे. त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी ती धनगर बाई शेळी बघायला आली. विकलेले जनावर बघून जायची तिची पद्धत होती.

तिने करडाच्या मांड्या दाबल्या, शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

"काय घालतायसा हिला, वैनी?"

वहिनींनी सांगितले. बाईने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा दारात उभ्या आत्याकडे पाहिले.

"मासं? आक्का, शेळीला मासं पाजलं व्हय? आन् तुमच्या दारात कोंबडीचं पीस उडत आलं तर तुमी आंगण सारवून घेताय की!"

"औषध आहे ते," आत्या म्हणाली.

"आवशीद कुणाचं? पोराचं. मग पोराला द्या. शेळीला शेळीचं द्या. हितं हिरवं कुटं हाय? निस्त्या सुक्यावर जनावर उभं ऱ्हातंय, पर त्यात जीव न्हाय ऱ्हात. दुस्काळात बगितल्यात मी असली ताटल्याली करडं. गुरांच्या डाक्टराला दावा. लई दिस लावू नका."

बाई गेल्यावर तिने अंगण सारवले. बहुधा सवयीने.

त्या दिवशी संध्याकाळी करडू शेळीकडे धावले, दोन पावलांवर पडले आणि मेले. धडपडही झाली नाही.

सकाळी मी ते पोत्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. बरोबर बाटलीही घेतली. तिथले डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. त्यांच्या दवाखान्याच्या बातम्या मी कधीमधी घेत असे.

"पत्रकारांना पोट उघडलेलं बघवतं का?" त्यांनी विचारले.

मी बघितले. यकृत, ज्याला आपण बोलताना काळीज म्हणतो, ते गडद तांबूस असायला हवे होते. हे मातकट पिवळे होते आणि फुगलेले. बोटाने दाबले की ठसा राहत होता. सुरी ओढली की पात्यावर तुपकट थर येत होता. मांडीच्या मांसात पांढुरके पट्टे होते, शिजल्यासारखे. डॉक्टरांनी बाटलीचा बोळा काढला आणि मान मागे घेतली.

"वास नाही का घेतलात तुम्ही?"

"घेतला. मासा असाच असतो असं वाटलं."

त्यांनी सुरी खाली ठेवली आणि पोटभर हसून घेतले. मग हात धुतले आणि सांगितले ते मी त्यांच्याच टेबलावर लिहून घेतले. गवत खाणाऱ्या जनावरांना हे तेल सोसत नाही असे परदेशी मासिकांत येऊ लागले होते. का सोसत नाही, हे नक्की कोणी सांगत नव्हते. धान्याच्या कोंबात आणि हिरव्या पाल्यात एक द्रव्य असते. त्याला अजून नीट नाव नाही, 'ई' एवढे अक्षर आहे. खवट तेलात ते द्रव्य नाश पावते, एवढे ठाऊक होते. बाकी त्यांचा अंदाज होता.

"तुम्ही एका बाजूनं ते द्रव्य देत नव्हता, कारण चारा सुका," ते म्हणाले. "आणि दुसऱ्या बाजूनं असलेलं संपवत होता. अंगातल्या चरबीला राखण उरली नाही. आता सांगा, आई कशी आहे?"

"मागचे पाय थरथरतात."

"मग इथं बसू नका. हे तेल बंद. हिरवं घाला, गव्हाला मोड आणून घाला. काळीज चिवट असतं. कारण काढून घेतलं तर सावरतं. पण पाय गेले आणि ती आडवी झाली, तर खाणं सुटेल, आणि मग माझ्याकडं काही नाही."

पुढे वीस वर्षांनी या विषयावर बरेच छापून आले. चरबीला प्राणवायू लागून ती बिघडते, एक कण बिघडला की शेजारचा बिघडवतो, आणि 'ई' जीवनसत्त्व ही साखळी तोडते, असे मी वाचले तेव्हा डॉक्टरांचा अंदाज बरोबर ठरल्याचे समाधान वाटले. आमच्या करडाचे दुसरे काही कारण नव्हतेच, असे मात्र मी आजही छातीठोकपणे लिहिणार नाही.

घरी येऊन मी सगळे क्रमाने सांगितले. आत्याने मधे एकच प्रश्न विचारला.

"तो वास माशाचा होता की खवट?"

"खवट, म्हणाले."

ती उठून तेलाच्या मडक्याजवळ गेली. झाकण काढले, परत ठेवले.

"जुन्यावर नवं ओतलं तर काय होतं, सांग," ती वहिनींना म्हणाली.

"सगळं जातं."

"त्या मुक्या जिवाच्या पोटात मी तेच केलं की गं."

वहिनी म्हणाल्या, "ओतलं तर मीच."

"तोंड मी धरलं होतं," मी म्हणालो. वाटून घेण्यासारखे त्यात आणखी काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेळी उठली नाही.

मुलाचे दूध रोज एक फुलपात्र असे. त्या दिवशी तळाला चार घोट निघाले. वहिनींनी भाताची पेज दिली, वरणाचे पाणी दिले. तो ते घ्यायचा आणि मग फुलपात्राकडे बघून रडायचा. आठवडाभरात त्याच्या मांड्यांची कातडी सैल पडली. शेळी उठली नाही तर दुसरे दूध नाही, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होते आणि कोणी बोलून दाखवत नव्हते.

धनगर बाईला निरोप गेला. ती आली ती थेट गोठ्यात. "आडवी ठिवू नका, आडवं जनावर मनानं बी आडवं हुतंय," म्हणाली. घरातली जाड सोलापुरी चादर मागून घेतली, शेळीच्या पोटाखालून घातली आणि चारी टोके वाशाला बांधून तिला झोळीत उभी केली. खुरे जेमतेम जमिनीला टेकत होती.

"मोड कशाचं आणताय?"

"गव्हाचे," वहिनी म्हणाल्या.

"बरं हाय. जुंधळ्याचं नका आनू. कवळा जुंधळा बाधतो, त्यानं चांगलं जनावर बी पडतंय."

आत्याने सणासाठी राखलेला गहू काढला. भिजवला, ओल्या फडक्यात बांधला, फडके दिवसातून चार वेळा ओले केले. एवढ्या उन्हाळ्यात मोड यायला दीड दिवस पुरे. मटकीला मोड आणणारे हात ते. गव्हालाही त्यांनी सोडले नाही.

"पाडव्याला पोळ्या मागितल्या तर गहू नव्हता," भाऊ म्हणाला.

"तू झोळीत टांगून घे, तुला पण देते," आत्या म्हणाली.

हिरव्याचा शोध माझ्याकडे होता. गावात त्या दिवसांत ओला चारा एकाच ठिकाणी दिसायचा, टांग्याच्या अड्ड्यावर. विहिरीच्या पाण्यावर केलेला लसूणघास घोड्यांसाठी येई. मी रोज एक पेंढी मागू लागलो. टांगेवाल्याने तिसऱ्या दिवशी विचारले, "क्या जी, बकरी कू टांगे में जोतते क्या?" मी कारण सांगितले. त्यानंतर तो माझी पेंढी घोड्याच्या तोंडापासून लांब, सीटखाली ठेवू लागला.

पहिले दोन दिवस शेळीने मोड हुंगून सोडले. तिसऱ्या दिवशी आत्या तिच्यापुढे पाट टाकून बसली आणि एकेक दाणा ओठांत सारू लागली. कानडीत काही बोलत होती. राग नसताना तिला कानडी बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. पाचव्या दिवशी शेळीने लसूणघासाची काडी स्वतः ओढली.

त्याच दिवशी आत्या मला म्हणाली, "तम्मा, नवी बाटली आण. ताजी. पोराला द्यायची."

वहिनींच्या हातातली परात तशीच राहिली.

"पण उंबऱ्याबाहेर," आत्या म्हणाली. "आणि मी आत असताना. मला दिसलं नाही म्हणजे झालं."

मी बाटली आणली, यावेळी घट्ट बुचाची. सावलीत ठेवायची म्हणून माठाखालच्या ओल्या वाळूत पुरली. सकाळी वहिनी मुलाला घेऊन ओट्यावर उन्हात बसल्या. आत्या आत भिंतीकडे तोंड करून बसली. मी चमचा भरला.

"वास कसा आहे?" आतून आवाज आला.

"माशाचा," मी म्हणालो.

"माशाचा म्हणजे कसा? मागल्या वेळी पण माशाचाच म्हणालात. तुम्हाला काही कळत नाही. थांब."

ती उठून उंबऱ्यापर्यंत आली. पदर सावरला, हात मागे बांधले आणि मान पुढे करून चमच्यावर नाक नेले. मी घड्याळ पाहिले नाही, पण बराच वेळ गेला असावा. डोळे मिटलेले होते.

"घाण आहे," ती म्हणाली. "पण खवट नाही. द्या."

मुलाने तोंड वाकडे केले आणि गिळले. आत्या आत जाऊन अंघोळीला बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. वास घेतल्याशिवाय चमचा मुलाच्या तोंडी जायचा नाही, हा घरातला नवा नियम झाला, आणि तो तेलाच्या मडक्याच्या नियमाइतकाच पक्का होता.

शेळी अकराव्या दिवशी उभी राहिली. सकाळी गोठ्यात गेलो तर चादर पोटाखाली सैल लोंबत होती. चारी पाय जमिनीवर होते आणि मागचे थरथरत होते, पण भार त्यांच्यावरच होता. मी कोणाला हाक मारली नाही. आधी चादरीच्या गाठी तपासल्या. गाठी तशाच होत्या. म्हणजे ती खरोखरच स्वतःच्या पायांवर होती. मग हाक मारली.

दूध परत यायला महिना लागला. पहिल्या आठवड्यात दोन घोट वाढले, मग पाव फुलपात्र, मग अर्धे. ज्येष्ठात फुलपात्र भरले. मुलगा पिऊन झाल्यावर ते पालथे करून दाखवायचा.

मी साप्ताहिकासाठी एक लहान मजकूर लिहिला: माशाचे तेल मुलांना द्यावे, शेळ्यांना पाजू नये, खवट कोणालाच देऊ नये, उन्हाळ्यात शेळीला थोडे तरी हिरवे किंवा मोडाचे धान्य घालावे. संपादक म्हणाले, "शेळी आजारी पडली ही बातमी आहे का?" मग स्वतःच खिडकीतून पलीकडच्या बोळात बघितले. तिथे तीन दारांत तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. "छापा," म्हणाले.

तो मजकूर मी आत्याला वाचून दाखवला.

"आमचं नाव नाही ना?"

"नाही."

"मग बरं आहे. आणि हे पण लिही, की बुचाला चिंधी लावू नये."

ती ओळ वाढवून छापली. त्या वेळी नाव घातले नाही, आताही घालत नाही.

आषाढ लागला त्या आठवड्यातली गोष्ट. वहिनी गोठ्यात धार काढत होत्या, मी नेहमीप्रमाणे शेळीला घास घालत होतो. मुलगा खुंट्याजवळ बसला होता. त्याने खुंट्याला हात घातला, मग शेळीच्या पाठीवरच्या केसांना. शेळीने मान वळवून पाहिले आणि पुन्हा खाऊ लागली. तो वर आला. गुडघे आधी डगमगले, मग सरळ झाले. पाय अजून थोडे बाहेर वाकलेले होते, पण तळवे पूर्ण टेकले होते. वहिनींची धार थांबली होती. शेळी जागची हलली असती तर तो पडला असता. ती हलली नाही.

तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"तम्मा, बाटली कुठं ठेवलीस? आज वास घ्यायचा राहिलाय की."

"इकडं या, आत्या," वहिनी म्हणाल्या.

"आधी बाटली."

"आधी इकडं या."

आत्या गोठ्यात आली. तिने बघितले. मुलाने तिला पाहिले आणि हसताना केसांवरची पकड सोडली. तो दोन श्वास तसाच उभा राहिला, मग बुडावर बसला.

"पडला," आत्या म्हणाली. मग वाकून त्याला पुन्हा खुंट्याशी उभा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा, बाटली घेऊन ये. आणि चमचा धुऊन."